जिभेची साक्ष

फोन वाजला तेव्हा इन्स्पेक्टरबाईंचं तोंड उघडं होतं आणि दंतवैद्याचा आरसा आत होता.

"घेऊ नका," दंतवैद्य म्हणाला.

बाईंनी घेतला. पलीकडे त्यांचा हवालदार होता.

"बाई, काल संध्याकाळी अर्कांच्या कारखान्यात एक काका बेशुद्ध सापडले होते ना? झटका आला म्हणून भरती केलेले? रिपोर्ट आलाय. झटका नाही. कण्हेरीचं विष आहे."

"जिवंत आहेत?"

"आहेत. पण शुद्धीवर नाहीत. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस काढला तर बघू. आणि बाई, त्यांची पुतणीच त्यांना चहा करून द्यायची. वरून साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, तिला आत घ्या, विषय संपवा."

बाई खुर्चीतून उतरल्या. दंतवैद्याने हात टेकले.

"ही दाढ आज दिवसभर तुम्हाला नाचवणार."

"नाचू. एरवी तरी कुठे बसते मी?"

"मग निदान लवंग धरा दाढेखाली," असं म्हणत त्याने चार लवंगा पुडीत बांधून दिल्या.

औषधी वनस्पती वाळवून, दळून त्यांचा अर्क काढणारा तो कारखाना होता. फाटकापासून गोदामापर्यंत कण्हेरीचं कुंपण होतं, गुलाबी फुलांनी भरलेलं. गोदामापाशी दोन-तीन फांद्या ताज्या छाटलेल्या होत्या. चालता चालता बाईंनी त्या पाहिल्या. गोदामासमोर एक ट्रक उभा होता आणि त्यात पोती चढत होती.

आलेला माल खरा की खोटा हे ठरवण्याचं काम बेशुद्ध पडलेल्या काकांचं. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, पण भरवसा जिभेवर. पोत्यात स्वतः हात घालायचा, पान चघळायचं, थुंकायचं आणि निकाल द्यायचा. हयातभर कडू चाखल्यामुळे असेल, बोलणंही तसंच. सगळे त्यांना कडूकाका म्हणत, तोंडावरसुद्धा.

त्यांची चाखण्याची खोली कालच, त्यांना दवाखान्यात हलवल्यावर, पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे कुलूप लावून बंद केली होती. बाईंनी ती उघडायला लावली. खोली लहान होती. एक टेबल, एक खुर्ची, थुंकायचं भांडं, कंपनीतल्या कंपनीत बोलायचा फोन. भिंतीत एक छोटी खिडकी होती आणि बाहेरच्या बाजूला तिची फळी. चाखणं चालू असताना आत कुणी यायचं नाही. साबणाचा, अत्तराचा वास चालायचा नाही. चहासुद्धा त्या फळीवर ठेवायचा आणि निघून जायचं. बोळातून जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाचाही हात त्या फळीला लागू शकत होता.

टेबलावर नमुन्यांच्या ताटल्यांची रांग होती. रांगेत मधेच एक जागा रिकामी होती. अर्धा-अधिक भरलेला चहाचा कप होता. आणि एका काचेच्या वाटीत थोडी साखर.

बाईंनी भिंतीवरच्या फडताळाकडे पाहिलं. खऱ्या, तपासलेल्या पानांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. अडुळसा, सर्पगंधा, गुडमार, ब्राह्मी. नवीन मालाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या. सगळ्यांवर धूळ. फक्त गुडमारच्या बरणीवरची धूळ बोटांनी पुसलेली.

"ही साखर चहासाठी?" बाईंनी विचारलं.

दारात प्रयोगशाळेच्या प्रमुख उभ्या होत्या. उंच, करड्या केसांच्या. सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणत. त्यांनी मान हलवली.

"टेबलावर चहाचं सामान? कडूकाकांनी ठेवणाऱ्याचा हात मोडला असता. चहात साखर बाहेरच घालतात. तीही अर्धा चमचा."

"तुमचं आणि काकांचं जमायचं?"

"नाही," मोठ्या ताई सरळ म्हणाल्या. "मी यंत्रावर माल तपासते, ते जिभेवर. ते माझ्या यंत्राला डबा म्हणायचे. मी त्यांच्या जिभेला पुराणवस्तू म्हणायचे. पण दोघांनी पास केल्याशिवाय पोतं आत जात नाही, हा नियम आम्हीच भांडून करून घेतलाय. लिहून घ्या, माझ्यावर संशय घ्यायला हरकत नाही."

"घेतलाच आहे. कण्हेरीचं विष तुमच्या प्रयोगशाळेत असतं?"

"असतं. शुद्ध द्रव्य, छोट्या बाटलीत, कुलपात. तुलनेसाठी लागतं."

"किल्ली?"

मोठ्या ताईंना उत्तर द्यायचं नव्हतं, हे दिसत होतं. "चिमणीकडे," त्या शेवटी म्हणाल्या.

चिमणी म्हणजे पुतणी. नाव काकांनीच ठेवलेलं. आईबाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं, इथे कामाला लावलं. आता ती पांढऱ्या कोटात बाकावर बसली होती आणि कोटाचं एक बटण गोल गोल फिरवत होती. बटण निघायच्या बेतात होतं.

"मला दवाखान्यात जाऊ द्या. दाराबाहेर बसते, आत नाही जाणार."

"आधी उत्तरं. काल चहा कुणी केला?"

"मी."

"साखर किती घातलीस?"

"अर्धा चमचा. रोजच्यासारखी."

"फळीवर ठेवल्यावर?"

"घंटी वाजवली आणि परत आले. थोड्या वेळाने काकांचा आतून फोन आला. म्हणाले, चहा कडू लागतोय, ठेवून देतो, उठलो की दुसरा कर."

"मग केलास?"

बटण तुटून तिच्या हातात आलं.

"नाही केला. ते सगळ्यालाच कडू म्हणतात. आणि मी रागात होते. परवा भांडण झालं होतं. मला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. ते म्हणाले, जायचं तर जा, पण मग तोंड दाखवू नकोस." तिने तुटलेलं बटण मुठीत धरलं. "संध्याकाळी म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. दुसरा चहा घेऊन गेले. तर ते खाली पडलेले."

"फोन आला तेव्हा शेजारी कुणी होतं?"

"कुणी नाही."

 बाईंनी खोलीत तीन फेऱ्या मारल्या आणि त्या बाहेर पडल्या.

माल खरेदी करणारा माणूस गोदामाच्या कचेरीत होता. गोरा, गुबगुबीत, बोलायला मिठ्ठास. लहान-थोर सगळ्यांचे भाऊसाहेब. तो एका डोळ्याने बाईंकडे आणि एका डोळ्याने ट्रककडे बघत होता.

"बसा ना मॅडम."

"उभी बरी आहे. ट्रक कुठे चाललाय?"

"पोत्यांना ओल धरलीय. वाळवणीच्या आवारात नेतोय. पान कुजलं की संपलं हो."

"काल काकांना भेटलात?"

"भेटलो की! चहा झाल्यावर डोकावलो. मनाई आहे, पण आमची जुनी ओळख. छान बोलत होते." त्याने सुस्कारा सोडला. "म्हणाले, भाऊसाहेब, आज पोरीने चहाचा पाक करून ठेवलाय, एवढा गोड की पिववत नाही. म्हणून कप तसाच ठेवला होता त्यांनी. मी म्हटलं, पोरीचं लक्ष नसेल. आता वाटतं..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

"काय वाटतं?"

"जाऊ द्या मॅडम. लेकरासारखी आहे ती मला. पण एवढी साखर कुणी कशाला घालेल? काहीतरी झाकायलाच ना?"

"ते काय चाखत होते काल?"

"ते मला कसं कळणार? ताटल्यांवर नुसते आकडे. त्यांचं ते जाणोत."

बाईंची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. पाणी उकळायची विजेची किटली होती. कचेरीत टेबलापासून पंख्यापर्यंत पानांची भुकटी साचलेली, आणि किटली मात्र घासून लख्ख.

सकाळी कप जिथे पाठवला होता त्या सरकारी प्रयोगशाळेतून दुपारी फोन आला.

"कपातला चहा तपासला," तिथला रसायनतज्ज्ञ म्हणाला. "कण्हेर नक्की आहे. आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा."

"विष बाटलीतलं की झाडाचं?"

"चांगलं विचारलंत. शुद्ध द्रव्य असतं तर द्रव्यं वेगळी करणाऱ्या पट्टीवर एकच ठिपका आला असता. इथे ठिपक्यांची रांगच आहे. कण्हेरीच्या पानात असली भावंडं एका घरात नांदतात. म्हणजे कुणीतरी पानं उकळलीत."

बाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. दाढ ठणकत होती. त्यांनी तोंडातली लवंग बदलली.

"आता अडलंय कुठे बाई?" हवालदाराने विचारलं. "पोरगी म्हणते, काका चहाला कडू म्हणाले. चहा तर पाकासारखा गोड निघाला. भाऊसाहेब म्हणतो, काका गोड म्हणाले. त्याचं जुळतं. पोरगी खोटं बोलतेय."

"किल्ली जिच्या खिशात आहे ती कुंपणाची पानं कशाला उकळेल?"

"आपल्याला फसवायला."

"मग खोटंही धड बोलली असती. कपात एवढी साखर ओतून, काका कडू म्हणाले असं कोण सांगेल?"

"तेही खरंच." हवालदाराने हार मानली आणि कोपऱ्यावरून चहा आणला. बाईंनी उभ्या उभ्या घोट घेतला आणि तोंड वेंगाडलं.

"साखर नाही घातली का यात?"

"घ्या! दोन चमचे सांगून घातलीय."

"कळत नाही मला."

"कशी कळेल? सकाळपासून लवंगा चघळताय. जीभ झोपली असेल तुमची. चहाला कशाला नावं ठेवता?"

बाई जागच्या जागी थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

मग त्यांनी दवाखान्यात फोन लावला. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला एकच प्रश्न विचारला: काकांना आणलं तेव्हा त्यांच्या तोंडात काही होतं?

"होतं ना. तोंड साफ करताना दातांत पानाचे हिरवे तुकडे निघाले. कापसात गुंडाळून ठेवलेत, पोलीस मागतात म्हणून."

"देव तुमचं भलं करो," बाई म्हणाल्या. हवालदाराला त्यांनी दोन कामं सांगितली: फाटक बंद करून ट्रक अडवायचा, आणि ट्रकमधल्या एका पोत्यातून मूठभर पानं आणायची.

दिवस कलताना चाखण्याच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे होते. चिमणी भिंतीला टेकून, मोठ्या ताई हाताची घडी घालून, भाऊसाहेब रुमालाने मान पुसत. हवालदार दारात.

"इथे काल गुडमारचा माल तपासायचा होता," बाई म्हणाल्या. "बरोबर ना, मोठ्या ताई?"

"हो. परवाच आलाय. भाऊसाहेबांनीच आणलाय. माझ्याकडे नमुना आला, पास झाला. काकांचं व्हायचं होतं."

"तुमच्याकडचा नमुना कोण भरतं?"

"भाऊसाहेब पाठवतात."

"आणि काका?"

"काका दुसऱ्याने आणलेलं घ्यायचे नाहीत. स्वतः पोत्यात हात घालायचे."

बाईंनी टेबलावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "ती ताटली इथे होती. आता नाही. मोठ्या ताई, गुडमारचा माल जिभेवर कसा तपासतात?"

मोठ्या ताईंचे डोळे साखरेच्या वाटीवर गेले आणि तिथेच खिळले. "अरे देवा," त्या पुटपुटल्या.

"सांगा ना."

"गुडमारच्या पानात एक द्रव्य असतं. ते जिभेवरची गोड ओळखणारी जागा अडवून बसतं. पान चघळलं की बराच वेळ गोड कळतच नाही. म्हणून पान चघळायचं आणि वर साखर ठेवायची. साखर वाळूसारखी लागली तर पान खरं."

"हवालदार, तुम्ही या," बाई म्हणाल्या. "माझ्या जिभेचा आज भरवसा नाही."

त्यांनी फडताळातली, धूळ पुसलेली बरणी काढली. हवालदाराने त्यातलं पान चघळलं, तोंड वाकडं केलं, थुंकलं. मग बाईंनी त्याच्या तळहातावर साखर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाई, ही रेती आहे!"

"साखर आहे. काल कडूकाकांचं असंच झालं होतं. त्यांच्या दातांत पानाचे तुकडे सापडलेत. जिभेवर गुडमार आणि हातात चहा. आता सांगा, त्या चहात कुणी पिशवीभर साखर ओतली असती तरी काका काय म्हणाले असते?"

"कडू," चिमणी हळूच म्हणाली. "कडूच म्हणाले ते."

"तू खरं बोलत होतीस. साखर लपली आणि विषाचा कडूपणा तेवढा उरला. काकांनी तो पानाचा दोष समजून दोन-चार घोट घेतले आणि कप बाजूला सारला. पुरता प्यायले असते तर आज आपण वेगळ्याच कामाला जमलो असतो." बाई वळल्या. "भाऊसाहेब, तुम्हाला मात्र ते म्हणाले की चहा पाकासारखा गोड आहे."

भाऊसाहेबाने रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. आणि मॅडम, जरा विचार करा. या धंद्यात माझे केस पिकले. गुडमारने गोड कळत नाही हे मला ठाऊक नाही होय? खोटंच बोलायचं असतं तर मी असलं कशाला बोललो असतो?"

"मी दुपारभर हाच विचार करत होते," बाई म्हणाल्या. "गुडमार विकत घेणारा माणूस असं चुकूनसुद्धा बोलणार नाही. बोललाच, तर एका कारणाने. त्याला पक्कं ठाऊक होतं की काकांनी चघळलेलं पान गुडमारचं नव्हतंच."

 बाईंनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"ही तुमच्या ट्रकमधल्या पोत्यातली पानं. मोठ्या ताई, तुमची जीभ पुराणवस्तू नाही ना?"

मोठ्या ताईंनी पान चघळलं. सावकाश. थुंकलं. मग साखरेची चिमूट जिभेवर ठेवली. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"गोड," त्या म्हणाल्या. "चक्क गोड. दिसायला सारखी, कुठल्यातरी रानवेलीची पानं आहेत ही."

"माझ्या यंत्राकडे खरी पानं पाठवत होतात!" त्या एकदम भाऊसाहेबावर उसळल्या. "मला वापरलंत तुम्ही! ज्यांची साखर वाढलेली असते ती माणसं खातात हो हा अर्क!"

"काका पोत्यात हात घालणार हे यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे माल पकडला जाणार. म्हणून काल किटलीत कुंपणाची पानं उकळली गेली. पण ज्याला कडूचे शंभर प्रकार ओळखता येतात त्याला कडू पाजायचं कसं? वर गोडाचं जाड पांघरूण घालून. फळीवरच्या कपात विष आणि साखर दोन्ही गेलं. नंतर हे आत आले. काका पडलेले होते. यांनी हाक मारली नाही. खोट्या पानांची ताटली उचलली आणि गेले. आज ट्रकमधून खोटी पोतीही हलवायला निघाले होते. साखरेची वाटी मात्र चहाची समजून राहू दिली. आणि गोड चहाची गोष्ट रचली, कारण ती सरळ पोरीच्या गळ्यात जाऊन पडत होती."

"पण..." हवालदार अजून जीभ टाळूला घासत होता. "काकांनी खोटं पान चघळलं होतं, तर त्यांना साखर लागायला हवी होती ना?"

"लागली. आधी लागली." बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "गुडमार चघळून साखर गोड लागली, असं त्यांच्या आयुष्यात झालं नसेल. आणि त्यांना पहिला संशय मालावर आला नाही. स्वतःच्या जिभेवर आला. वय झालं, जीभ गेली असं वाटलं असेल. म्हणून त्यांनी ती जुनी बरणी काढली आणि खरं पान चघळून पाहिलं. साखर मेली. जीभ शाबूत होती. तेवढ्यात चहा आला." त्या भाऊसाहेबाकडे वळल्या. "तुम्ही मालाचा विचार केलात, विषाचा केलात, साखरेचा केलात. म्हातारा माणूस स्वतःलाच तपासून बघेल हे नाही सुचलं तुम्हाला."

भाऊसाहेब खुर्चीत बसला. कडूकाकांच्या खुर्चीत.

"उठा," चिमणी म्हणाली. इतका वेळ भिंतीला टेकलेली ती पोरगी आता त्याच्यासमोर ताठ उभी होती. "तिथनं उठा आधी."

तो उठला. हवालदाराने त्याचा दंड धरला.

बाईंनी चिमणीला स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत ती एकदाच बोलली.

"मी तेव्हाच दुसरा चहा घेऊन गेले असते तर?"

"तर लवकर सापडले असते," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांना जमत नसे. "पण तू केलेला चहा त्यांनी ठेवून दिला, म्हणून ते आज आहेत. हेही लक्षात ठेव."

दवाखान्यात त्या दोघी बराच वेळ बाकावर होत्या. म्हणजे चिमणी बाकावर होती आणि बाई बोळात येरझाऱ्या घालत होत्या. दिवेलागणीला परिचारिका बाहेर आली आणि तिने चिमणीला बोट करून आत बोलावलं. काकांचे डोळे उघडे होते. नाडी वर आली होती. डॉक्टरांनी चमच्याने साखरपाणी द्यायला सांगितलं होतं.

चिमणीने घाईघाईने चमचा काकांच्या तोंडाशी नेला. निम्मं पाणी उशीवर सांडलं, निम्मं तोंडात गेलं.

काकांनी ते जिभेवर घोळवलं, एखाद्या नमुन्यासारखं. कपाळाला आठ्या पडल्या.

"साखर जास्त झाली," ते कसेबसे म्हणाले. मग दम घेऊन, "नोकरीच्या गावी जाशील तिथे कोण पिणार तुझा चहा?"

"तुम्ही या ना प्यायला," चिमणी म्हणाली.

 काकांनी चमच्याकडे बघून फक्त आ केला.

दारात उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरबाईंना दाढेची आठवण झाली. त्यांनी लवंग थुंकली आणि दंतवैद्याचं दुकान अजून उघडं असेल का, हे बघायला निघाल्या.